सरसाचा सांधा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचा निरोप घेऊन मुलगी घरी आली, तेव्हा मला वाटले, यंदाही चिवड्याचे काम माझ्याकडे आले असेल. पण चिठ्ठीत भाषण असे लिहिले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत उभे राहून बोलण्याची सवय नाही. तरी अध्यक्षबाईंनी सांगितले की, तुम्ही व्हायोलिन दुरुस्त करायला कशा शिकलात एवढेच सांगा, त्यापलीकडे काही नको. तेव्हा घडले तसे सांगते. यात माझी एक मोठी चूक आहे. ती वगळून सांगितले तर ऐकायला बरे वाटेल, पण ते खरे होणार नाही.

आमच्या घरी एक व्हायोलिन आहे, ते माझ्या सासऱ्यांचे. त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. तरुणपणापासून ते गायन-पार्टीत व्हायोलिन वाजवीत. १४ एप्रिलच्या जयंतीला त्यांची पार्टी ठरलेली असे, आणि एरवी कुणाच्या घरी बारसे असो की पुण्यस्मरण, बोलावणे येई. ते सतरंजीवर मांडी घालून बसत आणि व्हायोलिनचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवीत. आपल्याकडे असेच बसून वाजवितात. साहेब लोक उभे राहून वाजवीत. हे वाद्य त्यांचेच. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर यांनी ते मद्रासेत एका युरोपीय वादकाकडून शिकून घेतले आणि कर्नाटक संगीतात आणले. पुढे आपल्या महाराष्ट्रात गजाननबुवा जोशी (१९११-१९८७) यांच्यासारख्या थोर गवयांनी ते हाती धरले. प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांचे नाव तर आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. सुधीर फडके यांच्या गीतरामायणाच्या कार्यक्रमांत त्यांनी साथ केली, आणि त्यांच्या व्हायोलिनला लोक 'गाणारे व्हायोलिन' म्हणत.

आता माझी चूक सांगते. मामाजींचे व्हायोलिन बैठकीत खिळ्याला टांगलेले असे, आणि त्याच भिंतीच्या खिडकीत आमचा कूलर. नागपूरचा मे महिना आपणांस सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दिवसभर कूलरची ओल आणि रात्री कूलर बंद झाला की कोरडी ठणठणीत हवा, अशी दोन्हीकडून त्या लाकडाची ओढाताण चालली होती. एका उन्हाळ्यात त्याची वरची फळी कडेपासून बोटभर सुटली. तार छेडली की आतून भुरभुर आवाज येई. मामाजी तेव्हा लग्नाला वर्ध्याला गेले होते. मनात आले, ते येण्याच्या आत आपणच नीट करून ठेवू. दाराचे काम करणाऱ्या सुताराने उरलेला पांढरा गोंद डबीत ठेवला होता. तो मी फटीत चांगला भरला, वर फडके गुंडाळले आणि वरवंटा ठेवला. दुसऱ्या दिवशी सांधा असा पक्का बसला की मीच खूश झाले. मामाजी आले, त्यांनी वाजवून पाहिले आणि म्हणाले, "बरं केलं बेटा."

वर्षभर काही झाले नाही. पुढच्या मे महिन्यात एका रात्री बैठकीतून फुटाणा फुटावा तसा आवाज आला. सकाळी पाहतो तो वरची फळी मधोमध उभी तडकलेली. सांधा जसाच्या तसा होता. फाटले होते ते लाकूड.

मामाजी मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी तारा सैल केल्या, व्हायोलिन पेटीत ठेवले आणि पेटी माळ्यावर टाकली. पुढच्या जयंतीला पार्टी गेली आणि ते सतरंजीच्या कडेला टाळ्या वाजवीत बसले. त्यांचा डावा हात मांडीवर होता आणि बोटे आपोआप हलत होती. ते मी पाहिले, आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही. आमच्या घरचे म्हणाले, "चार-पाच हजारांत नवीन येते, घेऊन देऊ." मामाजी म्हणाले, "नको." तेवढेच.

असे दोन उन्हाळे गेले. मग मी कुणाला न सांगता पेटी पिशवीत घातली आणि इतवारीत गेले. तिथे पेट्या, तबले, सतारी दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर होते. त्यांचे नाव जाहीर घेतलेले त्यांना आवडत नाही, म्हणून मी त्यांना बाबाच म्हणते. त्यांनी व्हायोलिन उलटसुलट पाहिले, नखाने सांधा खरवडला आणि विचारले, "हा गोंद कोणी लावला?" मी म्हटले, "मीच." तेव्हा त्यांनी जे सांगितले, तेच मला आज आपणांस सांगायचे आहे.

ते म्हणाले, "बाई, व्हायोलिन सरसानं जोडतात. सरस उन्हानं, ओलीनं सुटते. लोकांना वाटते, ही त्याची खोड आहे. खोड नाही, ते त्याचं काम आहे. लाकूड उन्हात आकसते, त्याला आकसायला जागा पाहिजे. सरस सुटते म्हणून लाकूड वाचते. तू त्याचा सुटायचा रस्ताच बंद करून टाकला."

सरस म्हणजे जनावराचे कातडे, हाडे शिजवून केलेला चिकट पदार्थ, हे आपणांस माहीत आहेच. सरसाचा सांधा सुटला तर पुन्हा सरस लावता येतो. जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो, पातळ सुरी घातली की फळी अलगद उघडते, आतले काम करता येते आणि परत मिटविता येते. म्हणून व्हायोलिन शेकडो वर्षे टिकते. इटलीत क्रेमोना नावाचे गाव आहे. तिथे आंतोनिओ स्त्रादिव्हारी (मृत्यू १७३७) या कारागिराने केलेली व्हायोलिने आजही मोठमोठे वादक वाजवितात. मला वाटे, ती इतकी पक्की असतील की कधी उघडावीच लागली नसतील. पण खरी गोष्ट उलटी आहे. त्यांतील बहुतेक सर्व उघडली गेली आहेत. पुढे तारांचा ताण वाढला, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाची मान बदलली, आतली आधाराची पट्टी बदलली. उघडता आली म्हणून ती जगली.

मी बाबांना म्हटले, "तुम्ही करून द्या, पैसे देते." ते म्हणाले, "माझे डोळे आता इतक्या बारीक कामाला चालत नाहीत." मी उठले नाही. तेव्हा त्यांनी विचारले, "धार लावता येते का तुले?" मी म्हटले, "विळ्याला लावते." "मंग बस," ते म्हणाले.

आठवड्यातून दोन दुपारी मी जाऊ लागले. त्या दुपारी मामाजींना चहा द्यायचे काम शेजारच्या सिंधी काकींनी आपणहून घेतले. त्या आज समोर बसल्या आहेत. त्यांचे उपकार मी इथे सर्वांसमक्ष मानते. गल्लीत थोडे बोलणेही झाले, बाईमाणूस सुताराच्या पाटावर जाऊन बसते म्हणून. बोलणाऱ्याही आज समोर बसल्या आहेत. त्यांच्या नातवाचे व्हायोलिन मी गेल्या महिन्यात दुरुस्त करून दिले, तेव्हा आता आमचे काही वैर नाही.

पहिले तीन महिने बाबांनी मला व्हायोलिनला हात लावू दिला नाही. फक्त पटाशीला धार लावायची. धार लागली की मनगटावरचे केस कापून दाखवायचे. मी वैतागून गेले होते. पण त्याच वर्षी आमच्या घरच्यांबरोबर लग्नाला सांगलीस जाणे झाले. महाराष्ट्र एक्सप्रेसने एक दिवस नि एक रात्र प्रवास केला आणि परतताना मिरजेस उतरले. तिथली सतारमेकर गल्ली पाहिल्यावर माझा वैताग संपला.

मिरजेच्या सतारी-तंबोरे सगळ्या देशात जातात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा धंदा तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांनी सुरू केला असे सांगतात. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांची. संस्थानी फौजांचे दिवस गेले, हत्यारांना गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा तेच हात वाद्यांकडे वळले. थोर गायक अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) मिरजेस राहिले, त्यामुळे गवयांची ये-जा वाढली आणि कारागिरांना चांगले कान मिळाले. गल्लीत मंगळवेढा-पंढरपूरकडचे मोठमोठे भोपळे वाळत होते. एक म्हातारे गृहस्थ तंबोऱ्याची तबली पटाशीने तासत होते. त्यांच्या पटाशीचा आवाजच होत नव्हता, नुसती कागदासारखी साल निघत होती. धार लावणाऱ्यांचेच पुढे वाद्य करणारे झाले, हे मला तिथे डोळ्यांनी पटले. नागपूरला येऊन मी मुकाट्याने पुन्हा धारेला बसले.

मग हळूहळू काम हाती आले. प्रथम खुंट्या. खुंटी घसरत असेल तर खडू, अडकत असेल तर साबण. नंतर गजाचे केस बदलणे. ते घोड्याच्या शेपटीचे असतात, सगळे एकसारखे ताणून बांधावे लागतात, एक जरी आडवा गेला तरी गज वाकडा चालतो. मुलीची वेणी घालणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. त्यानंतर सरस करणे. सरसाचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजत घालायचे, सकाळी ते फुगतात. मग एका भांड्यात पाणी तापवून त्यात सरसाची वाटी ठेवायची. उकळू द्यायचा नाही. उकळला की त्यातला जोर जातो. बाबा म्हणाले, "किती ताप पाहिजे ते हाताला समजते." मला ते समजत होते. वीस वर्षे खळ आणि पाक केले आहेत.

हिशेबही करावे लागले. वरची फळी मधोमध सुमारे तीन मिलिमीटर जाड असते, कडेला त्याहून कमी. एवढ्याशा फळीवर चार तारांचा ताण येतो. तो मिळून बावीस-पंचवीस किलोच्या घरात जातो, म्हणजे एका लहान पोत्याएवढा. सातवीचे अपूर्णांक मी विसरले होते. ते मुलीच्या वहीतून पुन्हा शिकले.

याप्रमाणे दीड वर्ष गेल्यावर बाबांनी माझी पेटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "आता आपलं निस्तर."

मी लावलेला पांढरा गोंद काढायला अकरा दुपारी लागल्या. गरम ओले फडके ठेवायचे, गोंद दुधाळ झाला की सुरीच्या टोकाने केसभर काढायचा, परत फडके. सरस असता तर फळी एका दुपारी उघडली असती. एका ठिकाणी घाई केली आणि लाकडाचा कपचा निघाला. त्याची खूण अजून आहे. फळी सुटल्यावर तडा आतून स्वच्छ केला, सरस भरून दाबून ठेवला. मग आतल्या बाजूने तडा ओलांडून बोटाच्या नखाएवढी लाकडाची ठिगळे लावली. ती एका निकामी व्हायोलिनच्या फळीतून कापली, कारण जातीला जात लागते. वरची फळी स्प्रूस नावाच्या देवदाराच्या जातीच्या मऊ लाकडाची असते आणि पाठ मेपलच्या टणक लाकडाची. पोलक्याला आतून अस्तराचा तुकडा लावतो ना, तसेच हे काम. बाहेरून दिसत नाही, पण ताण तेच घेते.

सगळ्यांत अवघड गेली ती आतली काडी. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाच्या जरा मागे, एक लहानशी गोल काडी उभी असते. तिला सरसही नाही आणि खिळाही नाही. वरची नि खालची फळी यांच्या दाबात ती उभी राहते. इटलीत तिला 'आत्मा' म्हणतात. ती फटीतून वाकड्या सळईने आत घालून उभी करावी लागते. लांब झाली तर फळी उचलते, आखूड झाली तर पडते. केसभर सरकली तरी आवाज बदलतो. माझी काडी किती वेळा पडली ते मोजायचे मी सोडून दिले. शेवटी एकदा ती उभी राहिली. त्या वेळी दुकानात कुणी नव्हते. मी आपली एकटीच रडले.

घरी आणून मी पेटी मामाजींपुढे ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आवाज नाही. मग खुंट्या पिळल्याचा आवाज आला. मग षड्ज आला, पंचम आला. थोडे वाजवून ते थांबले. मी दारात आले. त्यांनी विजेरी आणवली, फटीतून आत उजेड टाकून ठिगळे पाहिली, एक एक करून मोजली. म्हणाले, "आवाज थोडा दबला." मी म्हटले, "हो." खरेच दबला आहे. फाटलेले लाकूड पहिल्यासारखे होत नाही, हे बाबांनी आधीच सांगितले होते. मामाजींनी परत गज उचलला आणि विचारले, "आता पुढच्या वेळेस उघडता येईल नं?"

मी म्हटले, "येईल. सरसानं जोडलं आहे."

त्या वर्षीच्या जयंतीला ते पार्टीबरोबर बसले.

भगिनींनो, या कामाला सातवीची अडचण आली नाही आणि घराचीही आली नाही. अमेरिकेत न्यू जर्सी भागात कार्लीन हचिन्स (१९११-२००९) नावाची एक शिक्षिका होऊन गेली. दोन मुलांची आई. तिने १९४० च्या दशकात घरच्या घरी व्हायोलिनचा मोठा भाऊ व्हायोला कोरायला घेतला. पुढे जाणत्या कारागिराकडे शिकली, शास्त्रज्ञांबरोबर काम केले, चारशेहून अधिक वाद्ये केली आणि एका लहानग्या व्हायोलिनपासून माणसाहून उंच वाद्यापर्यंत आठ जणांचे एक कुटुंबच उभे केले. तिची बरोबरी मी सांगत नाही. मी नवे व्हायोलिन अजून एकच केले आहे आणि ते फार बरे वाजत नाही. पण स्वयंपाकघराच्या ओट्यावरून हे काम होते, एवढे तिच्यामुळे मला सांगता येते.

आता कामाच्या चार गोष्टी. ज्यांच्या घरी व्हायोलिन असेल त्यांनी ते कूलरच्या भिंतीला टांगू नये. वापर नसेल तेव्हा पेटीत ठेवावे आणि पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नये. तारा बदलताना चारही एकदम काढू नयेत, एक काढून एक लावावी, नाही तर घोडी नि आतली काडी दोन्ही पडतात. वाजवून झाल्यावर राळेची भुकटी मऊ फडक्याने पुसावी. आणि सांधा सुटलेला दिसला तर घाबरू नये, त्यात घरातला कोणताही गोंद भरू नये. सुटला म्हणजे त्याने आपले काम केले. तसेच फडक्यात गुंडाळून माझ्याकडे आणावे. मजुरी परवडेल तशी द्यावी.

आणखी एक सांगून बसते. त्या दोन वर्षांत मामाजी मला टोचून बोलले असते तर मी ते ऐकून घेतले असते, कारण चूक माझी होती. पण मग मी इतवारीला गेले नसते. आम्ही दोघे आपापल्या खोलीत घट्ट होऊन बसलो असतो आणि पुढे कधीतरी घरच तडकले असते. ते गप्प राहिले, पेटी माळ्यावर ठेवली पण फेकली नाही, नवे व्हायोलिन घेतले नाही. ते काय करीत होते, हे मला सरस शिकल्यावर कळले. आपल्या मंडळातही कधी कुणाचे कुणाशी बिनसते. बिनसले तर बिनसू द्यावे. फक्त पुन्हा उघडता येणार नाही असे काही त्यात भरू नये.

बाबांना आता मुळीच दिसत नाही. मी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जाते आणि पटाशी त्यांच्या हातात देते. ते अंगठ्याने धार पाहतात. गेल्या खेपेस म्हणाले, "ठीक आहे." एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकले.

चिवडा यंदाही मीच केला आहे, तो घेतल्याशिवाय कुणी जाऊ नये.